मदत हवी आहे: रक्तघटक वेगळे करायला ऑटोमॅटिक यंत्र घ्यावं का?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरातल्या एका छोट्या रक्तपेढीत टेक्निशियन आहे. गणेशोत्सवात तालमी-मंडळांची शिबिरं एकाच रविवारी येतात आणि संध्याकाळी पिशव्यांचा ढीग एकदमच दारात. प्लेटलेट्स काढायच्या तर रक्त फ्रीजमध्ये न टाकता साधारण 6 ते 8 तासांत घटक वेगळे करावे लागतात. चंदगडकडचं शिबिर असलं की त्यातला बराच वेळ वाटेतच जातो.

आमच्याकडे रेफ्रिजरेटेड सेंट्रिफ्यूज आहे (ठरावीक तापमानात पिशव्या वेगाने फिरवून रक्ताचे थर पाडणारं यंत्र), पुढचं सगळं हाताने: स्प्रिंगच्या प्रेसमध्ये पिशवी, नजर वरच्या प्लाझ्मावर (रक्तातला पिवळसर द्रव), हात क्लॅम्पवर. थर जरा हलला की तांबड्या पेशी वर येतात. रात्री दमलेल्या हाताची पिशवी सकाळच्यासारखी होत नाही, कुणी मान्य करो न करो.

दोन पर्याय दिसतात. एक, सेन्सरवाला एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे थर ओळखून स्वतःच क्लॅम्प लावणारी प्रेस. सेंट्रिफ्यूज आहे तेच चालेल. दुसरा, रेव्हिओससारखं यंत्र, जे 4 पिशव्या एकदम फिरवून आतल्या आतच घटक वेगळे करतं. पण त्याला त्याच्याच पिशव्यांचे संच लागतात, म्हणजे शिबिरातही तेच न्यायचे. माझा कल पहिल्याकडे आहे.

कुणी वापरलंय का? महिन्याला किती पिशव्या असतील तर परवडतं? मध्येच लाईट गेली तर चालू पिशवीचं काय होतं? आणि सर्व्हिस इंजिनिअर कुठून येतो? 2019 आणि 2021 च्या पुरात हायवे बंद होता, आणि प्लेटलेट्स टिकतात जेमतेम 5 दिवस. डेंग्यूच्या दिवसांत यंत्र बंद पडलं तर पेशंटच्या नातेवाइकांना काय सांगू?