मदत हवी आहे: वजन कमी करताना प्रार्थनेचा आधार नेमका कसा घ्यावा?

द्राक्षवेल
बऱ्याच काळापासून मी वजन कमी करण्याचा प्रयत्न करीत आहे. आहार ठरवलेला आहे, नियमित चालते आणि बुधवारी व शुक्रवारी उपवास धरून प्रार्थना करते. सुरुवातीला वजन उतरले, आता काटा हलायला तयार नाही. खरी अडचण रात्रीची आहे. घरातले सगळे झोपले की मी फडताळ उघडते, उभ्याउभ्याच खाते, आणि डब्याचे झाकण लावताना इतके अपराधी वाटते की त्या रात्री प्रभूपुढे जाण्याचे धाडसच होत नाही. इंद्रियदमन हे आत्म्याचे फळ आहे, असे गलतीकरांस पत्राच्या 5व्या अध्यायात आपण वाचतो. मग ते माझ्यात का दिसू नये? अशा घटकेला प्रार्थना कशी करावी, एवढेच कृपया सांगावे. आहाराचे तक्ते नकोत.

मोहरी
ताई, उपवास म्हणजे पूर्ण निराहार की एक वेळचे जेवण? काही आजार किंवा औषधे आहेत का? झोप किती होते? हे कळल्याशिवाय काय सांगणार?

जैतून
दानीएलाचा उपवास करून पाहा. तीन आठवडे केवळ शाकाहार आणि पाणी. मला त्याचा फार लाभ झाला, आणि शास्त्राचा आधार असल्यामुळे मनही डळमळत नाही.

निवृत्त_पाळक
जैतून, आपल्याला लाभ झाला याचा आनंद आहे. पण शास्त्राचा आधार म्हणता, तो तपासून पाहावा. दानीएलाच्या पहिल्या अध्यायात दहा दिवस शाकभाजी खाल्ल्यावर दानीएल व त्याचे सोबती इतरांपेक्षा अधिक धष्टपुष्ट दिसू लागले, असे लिहिले आहे. तेथे प्रश्न राजाच्या अन्नाने विटाळ होण्याचा होता. दहाव्या अध्यायातले तीन आठवडे तर शोकाचे होते. उपवास कशासाठी, हे जाणून घ्यायचे तर यशया 58 वाचावे; तेथे भुकेल्याला आपली भाकर वाटून देण्याविषयी सांगितले आहे.

जैतून
हेतू वेगळा असला म्हणून लाभ खोटा ठरत नाही. शिस्त लागते, हे तरी आपण मान्य कराल?

गव्हाचा_दाणा
खादाडपणाची गणना सात मुख्य पापांत होते. 6व्या शतकात पोप ग्रेगरी यांनी केलेल्या यादीतही तो आहे. प्रथम पश्चात्ताप हवा, कारण आपले शरीर पवित्र आत्म्याचे मंदिर आहे.

निवृत्त_पाळक
1 करिंथ 6 मधील ते वचन जारकर्माच्या संदर्भात आहे. वजनाशी झगडणाऱ्या माणसाला लज्जित करण्यासाठी ते वापरलेले मी मंडळीत पुष्कळदा पाहिले आहे, आणि त्यामुळे माणसे उपासनेला येईनाशी होतात. शरीर जाड असणे हे पापाचे मोजमाप नव्हे.

द्राक्षवेल
मी प्रार्थनेविषयी विचारले होते आणि येथे दानीएलावर वाद सुरू झाला. मोहरी, उपवास पूर्ण निराहार असतो, सूर्यास्तापर्यंत. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी घेते. ती उपवासाच्या दिवशीही चुकवत नाही. पण याचा माझ्या प्रश्नाशी काय संबंध?

शुश्रूषा
मी परिचारिका आहे, आणि संबंध फार मोठा आहे. ही गोळी शरीराला अधिक इन्सुलिन सोडायला लावते. पोटात अन्न नसेल तर रक्तातली साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते: हात थरथरतात, घाम फुटतो, छातीत धडधडते आणि समोर दिसेल ते खावेसे वाटते. उपवासाच्या रात्री आपल्याला असे होते का? ती ओढ शरीराने साखरेसाठी मारलेली हाक असू शकते. तिला मनाची दुर्बलता ठरवून स्वतःला दोष देत बसू नये. डॉक्टरांशी बोलेपर्यंत निराहार उपवास थांबवावा आणि गोळीही स्वतःच्या मनाने बंद करू नये. आणखी एक, वजन उतरले की शरीराचा ऊर्जेचा खर्चही घटतो, त्यामुळे काटा मध्येच अडणे स्वाभाविक आहे. तो प्रार्थना कमी पडल्याचा पुरावा नाही.

द्राक्षवेल
थरथर होते, विशेषतः शुक्रवारी. मी ती थकव्यामुळे समजत होते. उद्याच डॉक्टरांना विचारते. परंतु इतर रात्रीही हात फडताळाकडे जातोच, म्हणून माझा मूळ प्रश्न तसाच उरतो.

संध्याप्रार्थना
त्याचे उत्तर मी माझ्या अनुभवातून देते. संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत दिवसाच्या शेवटच्या प्रार्थनेसाठी स्तोत्र 4, 91 आणि 134 नेमून दिलेली आहेत. घर निजण्याआधीच, स्वयंपाकघरातला दिवा मालवून, ही तीन स्तोत्रे मोठ्याने वाचावीत. धान्य व द्राक्षारस यांच्या भरभराटीपेक्षा अधिक आनंद परमेश्वराने मनात घातला आहे, असे चौथ्या स्तोत्रात दावीद म्हणतो, आणि शेवटी निवांत झोपी जातो. फडताळापाशी पोहोचलातच, तर एकच वाक्य पुरे: प्रभू, मला आता नेमके काय हवे आहे? कधी उत्तर खरोखर भूक असे येते. तेव्हा ताटात वाढून, बसून, आभार मानून खावे. कधी एकटेपणा असे येते. आणि खाऊन झाल्यावर ज्या क्षणी तोंड लपवावेसे वाटते, त्याच क्षणी प्रार्थनेला बसावे, कारण रोमकरांस पत्राचा 8वा अध्याय ख्रिस्तामध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही, या घोषणेनेच सुरू होतो.

द्राक्षवेल
हेच हवे होते. आज रात्रीपासून स्तोत्रे वाचते, आणि उपवासाऐवजी त्या दोन दिवशी दुसरे काय सोडता येईल ते आमच्या पाळकसाहेबांना विचारते.

मोहरी
झोपेचे मात्र अजून सांगितले नाहीत. जागरणाने भूक वाढते, म्हणून विचारते.