मदत हवी आहे : उपग्रहावरची पूर्व-पश्चिम स्पंदने जमिनीवर उत्तर-दक्षिण का दिसतात?

नमस्कार. मी पीसी-4 गटातील, म्हणजे 45 ते 150 सेकंद आवर्तकालाच्या, भूचुंबकीय स्पंदनांच्या (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातील लयबद्ध कंपांच्या) नोंदी अभ्यासत आहे. उच्च अक्षांशावरील मॅग्नेटोमीटरचा आलेख आणि त्याच्या वरून सुमारे 450 किमी उंचीने गेलेल्या उपग्रहाचा आलेख शेजारी ठेवल्यावर दोन गोष्टींपाशी मी अडलो आहे. उपग्रहावर कंप मुख्यतः पूर्व-पश्चिम घटकात आहे, जमिनीवर मात्र उत्तर-दक्षिण घटकात. शिवाय उपग्रहाला दिसलेले सुमारे 10 सेकंदांचे बारीक चढउतार जमिनीवर पूर्णपणे पुसले गेले आहेत. उपकरणाचे अक्ष मी पुन्हा तपासले, त्यात चूक नाही.

माझ्या समजुतीप्रमाणे आल्फव्हेन तरंगाचा (चुंबकीय बलरेषेच्या बाजूने धावणाऱ्या तरंगाचा) विद्युतप्रवाह बलरेषेवरून खाली येतो, आयनांबरात (वातावरणाच्या वरच्या विद्युतवाहक थरात) पेडरसन प्रवाह, म्हणजे विद्युतक्षेत्राच्या दिशेने जाणारा प्रवाह, म्हणून आडवा वाहतो आणि शेजारच्या बलरेषांवरून परत जातो, कारण खालची हवा विद्युतरोधक आहे. मग जमिनीवर पोचते ते काय? आणि जमिनीवरच्या आलेखावरून वरचा तरंग उभा करता येईल का?

प्रतिसाद १

आपली समजूत बरोबर आहे, आणि उत्तर तिच्यातच दडलेले आहे. आपण वर्णन केलेल्या मंडलाचे चुंबकीय क्षेत्र, बलरेषा जवळजवळ उभ्या आणि वाहकता सर्वत्र सारखी असेल तर, आयनांबराच्या वरच कोंडलेले राहते. तरंगाचे विद्युतक्षेत्र मात्र सुमारे 110 किमी उंचीवर पेडरसन प्रवाहाशी काटकोनात हॉल प्रवाहही वाहवते. तो आडव्या थरातच वळसे घेतो आणि जमिनीवरचे स्पंदन त्याचेच असते. 90 अंशांचे वळण येते ते येथून.

बारीक चढउतारांबद्दल थोडे सावध राहावे. उपग्रह सेकंदाला सुमारे 7.5 किमी धावतो, त्यामुळे त्याचे 10 सेकंद म्हणजे बहुधा 75 किमी तरंगलांबीची जागेतील रचना असते, काळातील कंप नव्हे. रोधक हवेतून खाली येताना क्षेत्र घातांकी रीतीने घटते : 1000 किमी तरंगलांबीचे निम्मे उरते, 100 किमीचे हजारावा भाग. म्हणून जमिनीवरच्या आलेखावरून वरचा तरंग काढण्याचे उलट गणित धोक्याचे आहे. त्या हजाराव्या भागाला हजाराने गुणताना उपकरणाचा गोंगाटही तेवढाच वाढतो. मोठ्या तरंगलांबीपुरते ते जरूर करावे.

पीसी-1 गटातील, म्हणजे याहून खूप जलद, स्पंदनांना हा हिशेब लावू नये. ती आयनांबरातील तरंगवाहिनीतून आडवी दूरवर जातात, त्यामुळे ती जिथे नोंदली जातात तिथलीच बलरेषा त्यांचा उगम असेल असे नाही.

आपली नोंद कोणत्या वेळेची आहे? रात्री हॉल वाहकता बरीच घटते.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. नोंद सूर्योदयाच्या सुमाराची आहे. हे आधीच लिहायला हवे होते. वळण नेमके 90 अंशांचे येत नाही, हेही आता सांगतो.

प्रतिसाद १

मग वाहकता सर्वत्र सारखी हे गृहीतकच तिथे लागू होत नाही. प्रकाश-अंधाराच्या सीमेवर ती पूर्व-पश्चिम दिशेत झपाट्याने बदलते आणि पेडरसन प्रवाहाचाही अंश जमिनीवर जाणवतो. आधी भर दुपारची एखादी नोंद घेऊन वळण मोजावे.