घरच्या नेटवर अचानक उसळणारं पिंग: तुम्हाला दोष कुठे सापडला?

स्पीड टेस्टला आकडा भरघोस येतो, तरी व्हिडिओ कॉलवर आवाज तुटतो, गेममधला खेळाडू इथून तिथे उडी मारतो, रिमोट डेस्कटॉपवर टाइप केलेलं अक्षर उमटायला वेळ लागतो. हा त्रास पुष्कळ घरांत आहे आणि त्यावर मिळणारा सल्ला जवळपास ठरलेला: मोठा प्लॅन घ्या. मला तो पटत नाही. वेग म्हणजे सेकंदाला किती डेटा येतो-जातो. पिंग म्हणजे डेटाचा एक छोटा तुकडा, म्हणजे पॅकेट, जाऊन परत यायला लागणारा वेळ. एक वाढला म्हणून दुसरा कमी होतोच असं नाही. त्यातही सरासरीपेक्षा चढउतार, म्हणजे जिटर, जास्त छळतो. कायम ६० मिलिसेकंद असेल तर हात सरावतो. २० वरून मध्येच ४०० झालं की सराव कसला आणि काय!

म्हणून हा धागा. नुसतं 'राउटर बदलला, बरं झालं' एवढंच नको. त्रास कधी व्हायचा, आणि दोष नेमका कुठे आहे हे कशावरून कळलं, ते सविस्तर लिहा. पुढच्या माणसाला त्याचाच उपयोग होतो.

सुरुवात माझ्यापासून. मी शेजारी-शेजारी दोन खिडक्या उघडून दोन पिंग सतत चालू ठेवते. एक घरच्या राउटरला (पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, नेटवर्कच्या माहितीत 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दिसतो) आणि दुसरं बाहेर, ८.८.८.८ ला (हा गूगलचा सार्वजनिक सर्व्हर). मग नेहमीचं काम करायचं आणि अडकलं की दोन्हींकडे बघायचं. राउटरचंच पिंग उसळलं तर भानगड घरात, बहुतेक वेळा वायफायमध्ये. राउटर शांत आणि फक्त बाहेरचं उसळलं तर राउटरच्या पलीकडे, किंवा घरातल्याच कोणीतरी लाइन भरून टाकलेली. माझ्याकडे राउटरकडची ओळ अशी सरकायची: २, २, ३, २, १८०, २, २... आणि ठरावीक अंतराने पुन्हा तेच. लॅन केबल लावली की सगळं सपाट. लॅपटॉपचं वायफाय कार्ड मधूनमधून आजूबाजूची नेटवर्क शोधायला दुसऱ्या चॅनलवर जायचं आणि तेवढा वेळ पॅकेटं ताटकळायची. सतत लोकेशन मागणारं एक ॲप बंद केलं, कार्डाची वीजबचत बंद केली, उसळ्या थांबल्या.

आता तुम्ही लिहा.

रात्रपाळी:

आमच्याकडे अपलोड हा खरा गुन्हेगार निघाला. मुलगी बाहेरून आली की तिचा फोन वायफायला जोडला जायचा आणि दिवसभराचे फोटो-व्हिडिओ क्लाउडवर चढायला लागायचे. त्याच वेळी माझी मीटिंग. राउटरचं पिंग १ वर, बाहेरचं १८ वरून ३४०, ६१०, ९०० असं चढत जायचं, आणि बॅकअप संपला की आपोआप खाली. पॅकेट एकही गळत नव्हतं, नुसता उशीर. ही खूण लक्षात ठेवा.

याला बफरब्लोट म्हणतात. अपलोडची लाइन भरली की राउटर किंवा मोडेम जास्तीची पॅकेटं टाकून देण्याऐवजी आपल्या मेमरीत रांगेत उभी करतो. मेमरी मोठी, म्हणून रांगही लांब. आवाजाचं इवलंसं पॅकेट व्हिडिओच्या ढिगामागे उभं राहतं. पाठवणाऱ्या फोनला वेग कमी करायचा इशारा पॅकेट गळल्यावरच मिळतो आणि इथे तर काही गळतच नाही. संगणकतज्ज्ञ जिम गेटीस यांनी २०१०-११ च्या सुमारास हा प्रश्न याच नावाने लोकांपुढे मांडला. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' ही पद्धत आणली. ती रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते बघते, आणि थांबणं वाढायला लागलं की वेळीच एखादं टाकून देते. तिचं सुधारित रूप एफक्यू-कोडेल आणि त्यापुढचं 'केक', ही दोन्ही ओपनडब्ल्यूआरटीवर (राउटरवर टाकता येणारी एक मुक्त प्रणाली) चालणाऱ्या राउटरमध्ये एसक्यूएम, म्हणजे रांग सांभाळण्याची सोय, या नावाखाली मिळतात.

मी एसक्यूएम चालू केलं आणि अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या साधारण ९० टक्क्यांवर ठेवली. ती थोडी कमी ठेवणं भागच आहे, नाहीतर रांग मोडेममध्ये लागते आणि तिथे आपलं काही चालत नाही. आता फोटो चढत असतानाही पिंग २५ च्या आसपास असतं. तुमच्या राउटरमध्ये ही सोय नसेल तर बॅकअपची वेळ रात्रीची ठेवा, तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

जुनी_तार:

वायफायवाल्यांसाठी एक. माझा पीसी २.४ गिगाहर्ट्झवर होता आणि पिंग फक्त फायली कॉपी करताना बिघडायचं. फायली नेटवरून नव्हे, बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी होत असायच्या! डिस्क यूएसबी ३ ची आणि वायफायचा डोंगल तिच्या अगदी शेजारच्या पोर्टमध्ये. यूएसबी ३ च्या केबलमधून आणि जोडणीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट पसरतो. इंटेलने २०१२ मध्येच यावर लेख काढला होता. डोंगल छोट्या एक्स्टेंशन केबलवर लांब नेला आणि त्रास गेला. पुढे ५ गिगाहर्ट्झचा डोंगल घेतला, ते आणखी बरं.

२.४ वरच राहायचं असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यांतलाच घ्या. ३ किंवा ८ घेतला तर दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांशी टक्कर होते.

निळी_छत्री:

केबल लावली म्हणजे सगळं ठीक, असं गृहीत धरू नका. माझ्याकडे केबलवरच पॅकेट लॉस होता, म्हणजे पॅकेटं वाटेत गळत होती. जोडणीचा वेग बघितला तर १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या शाबूत लागतात, १०० ला दोन पुरतात. त्यामुळे एखादी जोडी गेली तर उपकरणं बहुधा गुपचूप खालच्या वेगावर येतात आणि नेट 'चालू' दिसतं. केबल हाताने चाचपत गेले तर दाराच्या बिजागरीपाशी ती चेपून पट्टीसारखी सपाट झालेली. दार लावताना दर वेळी दाबली जायची. नवी टाकली, विषय संपला.

अंतर_मोजणारा:

सगळ्यांचं पिंग कमी होणार नाही, हेही सांगायला हवं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ५००० किलोमीटरवर असेल तर नुसतं जाऊन यायलाच ५० मिलिसेकंद, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. आधी गेममध्ये कोणता रिजन निवडला आहे ते बघा. आकडा जास्त पण स्थिर असेल तर घरात शोधण्यासारखं काही नसतं.

चिकाटी:

माझा दोष घराबाहेर होता आणि तो मान्य करून घेण्यातच सगळी ताकद गेली. कस्टमर केअरचं उत्तर एकच: 'राउटर बंद करून चालू करा, आमच्याकडून लाइन क्लिअर आहे.' शेवटी तोंडी सांगणं बंद करून पुरावा गोळा केला. लॅपटॉप थेट केबलने जोडला, बाकी सगळी उपकरणं काढली आणि एमटीआर चालू ठेवलं. हे साधन वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचा उशीर आणि लॉस दाखवत राहतं. एक सावधगिरी: मधल्या एखाद्या टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसला म्हणून लगेच भांडायला जाऊ नका. पुष्कळ राउटर पिंगला उत्तर द्यायचं काम मागे ठेवतात, पण पुढची पॅकेटं नीट पोचवतात. लॉस एका टप्प्यावर सुरू होऊन शेवटपर्यंत टिकला तरच तो खरा. माझ्याकडे तो पहिल्याच बाहेरच्या टप्प्यापासून शेवटपर्यंत होता.

वेळेसकट नोंदी पाठवल्यावर माणूस आला. फायबरच्या डब्याच्या स्टेटस पानावर येणाऱ्या प्रकाशाची पातळी उणे २९ डीबीएम (हे प्रकाशाच्या ताकदीचं माप, उणे आकडा जितका मोठा तितका प्रकाश क्षीण). जीपॉनच्या (घरोघरी फायबर देण्याची एक पद्धत) नेहमीच्या उपकरणांना साधारण उणे २७ पर्यंत चालतं. भिंतीच्या कोपऱ्यात फायबर काटकोनात वाकवून खिळ्याने बसवलेली होती. तेवढा तुकडा बदलला आणि पातळी उणे २० वर आली. हे पान तुमच्या डब्यात असेल तर सगळं नीट चालू असतानाच आकडा टिपून ठेवा, बिघडल्यावर तुलना करता येते.

धागाकर्ती:

उणे २९ ची माहिती फार मोलाची, धन्यवाद. मी लगेच आमच्या डब्यातलं पान उघडून आकडा लिहून ठेवला. मेशवाल्यांपैकी, म्हणजे घरभर एकमेकांना जोडलेले वायफायचे डबे वापरणाऱ्यांपैकी, कोणी आहे का? एका मैत्रिणीकडे नेट मध्येच मिनिटभर गायब होतं आणि परत येतं, उसळी वगैरे काही नाही.

गच्चीवरून:

मिनिटभर म्हणजे मला डीएफएसचा, म्हणजे रडारसाठी चॅनल सोडण्याच्या नियमाचा, संशय येतो. ५ गिगाहर्ट्झमधले ५२ ते १४४ हे चॅनल हवामान आणि इतर रडारही वापरतात. रडारसारखा सिग्नल जाणवला की राउटरला तो चॅनल सोडावाच लागतो, आणि तशाच दुसऱ्या चॅनलवर जायचं तर आधी निदान ६० सेकंद नुसतं ऐकत थांबावं लागतं. आमच्याकडे हुबेहूब हेच व्हायचं. चॅनल 'ऑटो' वरून काढून ३६ वर पक्का केला; ३६ ते ४८ ला बहुतेक देशांत ही अट नाही. मैत्रिणीला राउटरच्या लॉगमध्ये 'रडार' किंवा 'डीएफएस' हा शब्द शोधायला सांगा. सापडला तर चॅनल बदलून बघा. नाही सापडला तर मेशचे दोन डबे केबलने जोडता येतात का ते बघा, कारण मधला दुवा वायफायचा असेल आणि त्यासाठी वेगळा रेडिओ नसेल, तर प्रत्येक पॅकेट त्याच हवेतून दोनदा जातं.