स्पिती बाइकवर: मनालीकडून चढावं की शिमल्याकडून? सल्ला हवा

सातारी_भटक्या
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात स्पितीला जायचं ठरतंय. मी आणि बायको, एकच गाडी, २०० सीसी. वरंधा, आंबेनळी, ताम्हिणी भर पावसात केलेत, पण हिमालयात गाडी कधी घातलेली नाही. चंदीगड ते चंदीगड दहा दिवस हातात आहेत. मनालीकडून काझा (स्पितीतलं मुख्य गाव) जवळ पडतं, म्हणून तिकडून चढून किन्नौरमधून शिमल्याकडे उतरावं म्हणतोय. आणि गाडी रेल्वेने पाठवावी की तिकडेच भाड्याने घ्यावी?

घाटवाट
उलटं करा. शिमल्याकडून चढा, मनालीकडे उतरा. मनाली साधारण २,००० मीटरवर आहे, काझ्याच्या वाटेवरची कुंझुम खिंड ४,५०० च्या वर. एवढी उंची एका दिवसात चढलात की रात्री काझ्यात डोकं ठणकतं, जेवण जात नाही, झोप लागत नाही आणि पुढचे दोन दिवस खोलीत जातात. किन्नौरमधून शरीराला सवय होत जाते: सराहन, मग कल्पा (२,९०० च्या आसपास), मग ताबो, मग काझा. मुक्काम नाकोला न करता ताबोला करा. नाको ३,६०० च्या पुढे आहे, ताबो त्याहून बरंच खाली, झोप चांगली लागते.

ताबोत संध्याकाळी पोचून सकाळी लगेच गाडीला किक मारू नका. तिथला गोम्पा (बौद्ध मठ) इ. स. ९९६ चा, मातीचा. बाहेरून अगदी साधा दिसतो. आत गेल्यावर अंधाराला डोळे सरावायला वेळ लागतो आणि मग भिंतींवरची चित्रं एकेक करून दिसू लागतात. आत फोटो काढायला मनाई आहे, ते बरंच आहे. निवांत बघता येतं.

काझ्यात किमान दोन रात्री ठेवा. की गोम्पा आणि हिक्कीम, कोमिक ही वरची गावं दिवसा फिरून झोपायला खाली या. एक सूचना: सफरचंदाचा हंगाम असल्याने ठियोग-नारकंडा पट्ट्यात ट्रकांची रांग लागते, शिमला पहाटेच सोडा.

डॉ_पायवाट
वरच्या मार्गाला पूर्ण अनुमोदन. डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) स्वतःच्या मनाने सुरू करू नका. डॉक्टरांना भेटा, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगा. बसल्या जागी धाप लागली किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं.

मागची_सीट
वहिनींसाठी लिहिते, कारण अशा धाग्यांवर मागे बसणारीचा विचार फार कमी होतो. त्यांनाही गुडघ्यांचे गार्ड आणि रायडिंग जॅकेट घ्या, नुसता विंडचीटर नको. सॅक त्यांच्या पाठीवर देऊ नका, सामान सॅडलबॅगमध्ये. तासाभराने थांबा, पाय मोकळे करू द्या. बायकांना आडोसा मिळणं हा खरा प्रश्न आहे. ढाबा दिसला की गरज नसली तरी थांबावं.

घाटवाट
गाडीचं राहिलं. पार्सलने पाठवताना टाकी रिकामी करावी लागते, पॅकिंग करावं लागतं, आणि ती नेमकी कधी पोचेल हे सांगता येत नाही. दहाच दिवस असतील तर चंदीगडला भाड्याने घ्या. घेताना चेन, टायर आणि मागचा ब्रेक स्वतः तपासा, जादा क्लच वायर मागून घ्या.

सातारी_भटक्या
मनापासून आभार. मार्ग उलटा केला. आता धास्ती कुंझुम उतरल्यावर मनालीकडे जाताना लागणाऱ्या बातल ते ग्रांफू पट्ट्याची. मागे बायको असताना नाले पार होतील?

घाटवाट
होतील, पण वेळ पाळा. ऊन वाढलं की वरचा बर्फ वितळतो आणि दुपारी नाल्यांना पाणी चढतं. म्हणून आदली रात्र चंद्रतालला काढा (तळ्याकाठी तंबू लावायला बंदी आहे, कॅम्प अलीकडे आहेत) आणि उजाडताच निघा. नाल्याशी आधी उतरून तळ बघा. वहिनींना दगडांवरून चालत पलीकडे जाऊ द्या, तुम्ही पहिल्या गिअरमध्ये, थ्रॉटल एकसारखा ठेवून, मध्ये क्लच न दाबता काढा. टाकी काझ्यातच फुल्ल करा, रोख पैसे जवळ ठेवा, लोसरनंतर (कुंझुमच्या अलीकडचं गाव) नेटवर्क धरून चालू नका. कुंझुमवर बर्फ पडल्याचं काझ्यात कळलं तर पुढे जाऊ नका, आल्या वाटेने किन्नौरमधूनच परता. त्यासाठी एक दिवस मोकळा ठेवून परतीचं तिकीट काढा.