जुन्या डब्ल्यूडब्ल्यूएफच्या कॅसेट आणि डीव्हीडी जपाव्यात की नेटफ्लिक्सवर विसंबावे?

सदाशिवपेठी (धागाकर्ता):
एप्रिल २०२५ पासून डब्ल्यूडब्ल्यूई या अमेरिकी व्यावसायिक कुस्ती कंपनीचे (म्हणजे पूर्वीच्या डब्ल्यूडब्ल्यूएफचे) कार्यक्रम भारतात नेटफ्लिक्सवर आले आणि तेव्हापासून माळ्यावरचा संग्रह आता काढून टाकावा, असा आग्रह आमच्या घरी सुरू झाला आहे. माझे मत याच्या नेमके उलट आहे. १९८५ च्या पहिल्या रेसलमेनियापासूनचे (हा कंपनीचा सर्वांत मोठा वार्षिक कार्यक्रम) कार्यक्रम ज्याला मूळ स्वरूपात पाहायचे आहेत, त्याने तेव्हा या कार्यक्रमांच्या कॅसेट काढणाऱ्या कोलिसियम व्हिडिओच्या कॅसेट आणि ब्रिटनमधल्या सिल्व्हर व्हिजन या वितरकाच्या 'टॅग्ड क्लासिक्स' मालिकेतल्या डीव्हीडी मिळतील तेथून घ्याव्यात. याच आद्याक्षरांच्या जागतिक वन्यजीव निधीशी झालेल्या न्यायालयीन वादामुळे कंपनीला २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफ हे नाव सोडावे लागले, आणि त्यानंतर जवळपास दहा वर्षे निघालेल्या इतर आवृत्त्यांत १९९८ नंतरचे ते ओरखड्यांसारखे बोधचिन्ह धूसर केलेले दिसते व समालोचकाच्या तोंडची आद्याक्षरेही गाळलेली असतात. ईसीडब्ल्यू या दुसऱ्या अमेरिकी कुस्ती कंपनीच्या कार्यक्रमांत सँडमन हा कुस्तीगीर मेटालिका या रॉक बँडच्या गाण्यावर प्रेक्षकांतून वाट काढत रिंगपर्यंत येत असे. हक्कांच्या प्रश्नामुळे नंतरच्या आवृत्त्यांत तेथे दुसरेच संगीत घातले गेले, आणि सगळा जमाव जे गाणे म्हणत होता तेच ऐकू येईनासे झाले. ज्याच्या हाती मूळ चित्रण आहे तोच त्यात फेरफार करणार असेल, तर आपल्याजवळची जुनी प्रत हाच काय तो पुरावा उरतो.

कोथरूडकर:
असहमत. आपण ज्याला मूळ म्हणता ती कॅसेटदेखील कापलेलीच आहे. तीन-तीन तासांचे कार्यक्रम कॅसेटच्या लांबीत बसवण्यासाठी त्या काळी लढतींना सर्रास कात्री लावली जाई. शिवाय या कॅसेट पाहायच्या कशावर? व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या मोठ्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ मध्येच उत्पादन थांबवले. अमेरिकेतून आणलेली कॅसेट एनटीएससी या तिकडच्या दूरचित्र पद्धतीची असते आणि आपल्याकडचे जुने व्हीसीआर पॅल पद्धतीचे, त्यामुळे साध्या यंत्रावर चित्र एक तर रंगहीन दिसते किंवा वरखाली धावत राहते. डीव्हीडी घ्यावी, तर एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर सहसा चालत नाही: अमेरिकेचा विभाग १, ब्रिटनचा २ आणि आपला ५. एवढा खटाटोप कशासाठी?

तालीमवाला:
मुळात ज्या लढतीचा निकाल आधीच ठरलेला असतो, तिचा 'पुरावा' जपण्यात काय अर्थ आहे, हेच मला कळत नाही. पुण्याच्या पेठांतल्या तालमींमधल्या कुस्त्यांचे जुने चित्रण शोधून जपलेत, तर ते काम शतपटीने मोलाचे ठरेल.

सदाशिवपेठी:
@तालीमवाला, तालमींचे चित्रण जपायलाच हवे, त्याबद्दल दुमत नाही. पण त्यासाठी हे टाकून द्यावे असे कुठे आहे? आपल्याच शहरात लॉ कॉलेज रस्त्यावर १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे आहे, आणि तिथल्या रिळांतल्या नटांना शेवट ठाऊक होता म्हणून ती रिळे निरुपयोगी आहेत, असे कोणी म्हणत नाही. १९८७ च्या रेसलमेनियात सॅव्हेज आणि स्टीमबोट यांनी केलेली लढत त्यांनी आधी बारकाईने बसवलेली होती, आणि नेमके म्हणूनच ती पुन्हा पुन्हा पाहावीशी वाटते.

@कोथरूडकर, कॅसेट कापलेली असते हे मान्य. परंतु ती १९८७ सालची कात्री होती, आजची नव्हे, आणि त्या वेळी काय विकण्याजोगे वाटले हे तिच्यावरूनच कळते.

कोथरूडकर:
आजच्या कात्रीलाही कारण असू शकते. १९९० च्या रेसलमेनियात रॉडी पायपर अर्धे अंग काळे रंगवून कृष्णवर्णीय बॅड न्यूज ब्राऊनसमोर उतरला होता. २०२१ मध्ये अमेरिकेत पीकॉक या ऑनलाइन प्रसारण सेवेने ती लढत वगळली, आणि माझ्या मते योग्यच केले. मुलांनी सहज चालता चालता ते पाहावे असे त्यात काय आहे?

सदाशिवपेठी:
मुलांना दाखवा असे मी म्हणत नाही. परंतु उद्या कोणाला त्या प्रकारावर टीका करायची झाली, तर ती लढत त्याला कोठे पाहायला मिळेल?

डेक्कनची दुरुस्तीवाली:
आपण दोघे तत्त्वावर भांडत आहात आणि तिकडे पावसाळा आपले काम करतो आहे. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बहुतेक कॅसेटच्या खिडकीतून पाहिले, की गुंडाळीच्या कडेवर पांढरट जाळी दिसते. ती बुरशी असते. अशी कॅसेट थेट यंत्रात घातली, तर हेड खराब होते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही तीच बाधा होते. आधी कवच उघडून फीत साफ करून घ्यावी, मग चालू स्थितीतल्या मल्टिसिस्टिम (पॅल आणि एनटीएससी दोन्ही चालवणाऱ्या) व्हीसीआरवरून तिची संगणकावर प्रत करावी. कॅसेट पुस्तकांसारख्या उभ्या, फीत पूर्ण गुंडाळून आणि भिंतीपासून दूर ठेवाव्यात. आणि मागची प्लास्टिकची टिकली मोडलेली आहे ना, हे अवश्य पाहावे; ती मोडली की कॅसेटवर नवे रेकॉर्डिंग होत नाही. त्या खाचेवर सेलोटेप चिकटवून वर कोणाच्या तरी मुंजीचे रेकॉर्डिंग केलेल्या कॅसेटही मी पाहिल्या आहेत.

सदाशिवपेठी:
माहितीबद्दल मनःपूर्वक आभार. प्रती करून घेतोच, मात्र त्यानंतरही मूळ कॅसेट टाकणार नाही.

कोथरूडकर:
म्हणजे माळा काही रिकामा होत नाही. घरच्यांची बाजू मी मांडली होती, एवढे त्यांना कळवा.