मुलाला कोर्टात 'आई हवी की बाबा' विचारायचं का?

रामबागकर: घटस्फोटात मुलाचा ताबा कुणाकडे द्यायचा, यावर काल इथे एकांनी लिहिलं, "मूल नऊ वर्षांचं झालं की न्यायाधीशांनी त्यालाच विचारावं आणि तेच अंतिम मानावं." वाचून डोकंच फिरलं. १८९० च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याच्या कलम १७ नुसार समज आलेल्या मुलाची पसंती कोर्ट विचारात घेऊ शकतं, बस. निकष मुलाच्या हिताचाच. माझ्या भाच्यानं न्यायाधीशांच्या चेंबरमध्ये "आई" सांगितलं. त्यानंतर कित्येक महिने वडिलांचा फोन वाजला की पोरगं बाथरूममध्ये कडी लावून बसायचं. एवढ्याशा जिवावर हे ओझं टाकायचं?

सुदामानगरचा बाबा: पोस्ट माझीच. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हिंदू अज्ञानत्व आणि पालकत्व कायद्याचं कलम ६, मान्य. पण त्यापुढे? माझी लेक रडून सांगते, बाबांकडे यायचंय. कोर्टात मिळते पुढची तारीख.

मालवा_मावशी: पढवलेलं पोर पोपटासारखं बोलतं. शेजारीच पाहिलंय.

सुदामानगरचा बाबा: माझ्या लेकीला पढवलेली म्हणू नका. तुम्ही तिला पाहिलेलं नाही.

तुकोगंजवासी: ताब्याचं राहू द्या, भेटीचं बोला! आमची भेट कोर्टाच्या वऱ्हांड्यात व्हायची. लोखंडी बाक, समोरून बेड्या घातलेला आरोपी जातोय, आणि माझा मुलगा वेफर्सचं पाकीट न फोडता हातात धरून बसलाय. त्याला प्राणिसंग्रहालयात नेऊ द्या म्हटलं तर समोरचे वकील म्हणाले, पळवून नेतील. २०२० च्या यशिता साहू निकालात सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की मुलाला दोन्ही पालकांचा सहवास हवा, ताबा नसलेल्याला व्हिडिओ कॉलवरही बोलू द्यावं. आम्हाला साधा फोन लागत नव्हता.

मालवा_मावशी: सगळेच बाप तुमच्यासारखे नसतात. माझ्या बहिणीचा नवरा पिऊन भेटीला यायचा. बाकावर का होईना, चार माणसं तरी होती. बागेत काय झालं असतं?

तुकोगंजवासी: मग त्याच्यावर बंदी घाला. त्याची शिक्षा माझ्या पोरानं का भोगायची?

मालवा_मावशी: बरं, न पिणाऱ्यांना बाग द्या. पण सोबत कुणीतरी हवंच.

रामबागकर: मूळ मुद्दा राहिला. विधी आयोगानं २०१५ च्या २५७ व्या अहवालात संयुक्त ताब्याची, म्हणजे ताबा आई-वडील दोघांकडेही, अशी शिफारस केली, ती अजून कायद्यात उतरलेली नाही. म्हणून सगळा भार पोराच्या एका वाक्यावर.

सुदामानगरचा बाबा: 'अंतिम' सोडा, तुमचं समाधान होऊ द्या. पण विचारायचंच नाही, हे मी मानणार नाही.

रामबागकर: विचारू नका कोण म्हणतंय? रात्री कुणाजवळ झोपतोस, अभ्यास कोण घेतं, कशाची भीती वाटते, हे विचारा. निवड त्याच्या तोंडून वदवू नका.

सुदामानगरचा बाबा: हे जरा पटतंय. जरा.

तुकोगंजवासी: बागेतल्या भेटीसाठी अर्ज कसा करायचा, ते कुणी सांगेल का?

रामबागकर: घटस्फोटाची केस चालू असेल तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली अंतरिम अर्ज करा. जागा, वेळ, आणणार कोण, परत सोडणार कोण, सगळं अर्जातच लिहा. मोघम मागाल तर पुन्हा तोच बाक मिळेल.