घरबसल्या फोटोग्राफी: कोर्सला पैसे भरावेत का?

रानजाई (चिपळूण)
नमस्कार मंडळी. मी नर्स आहे. ड्यूटी तीन पाळ्यांत फिरते, त्यामुळे पुण्या-मुंबईला जाऊन शिकणं जमणार नाही. भावाकडे पडून असलेला कॅनन १५००डी माझ्याकडे आलाय, सोबत १८-५५ची लेन्स. ऑटोवर फोटो बरे येतात. एम मोडवर (म्हणजे सगळं आपणच हाताने ठरवायचं) गेलं की एक काळाकुट्ट, दुसरा पांढराफटक.
एका ऑनलाइन संस्थेचा सहा महिन्यांचा डिप्लोमा बघितलाय. फी २८ हजार, व्हिडिओंचा लाइफटाइम अॅक्सेस, शेवटी सर्टिफिकेट. नवरा म्हणतो, यूट्यूबवर सगळं फुकट आहे. पुढे बारसं, डोहाळजेवण अशी छोटी कामं घ्यायचा विचार आहे. काय करू?

घाटमाथा
नवऱ्याचं ऐका :) त्या पैशात ५० एमएम १.८ लेन्स येईल आणि वर पैसे उरतील.

फ्लॅशबॅक
+१. बारशाला बोलावणारे अल्बम बघतात, सर्टिफिकेट कोणी मागत नाही.

डोंबिवलीकर काका
रानजाईताई, नवऱ्याचं अर्धंच ऐका.

मी बँकेत कारकून होतो. नव्वदीच्या सुरुवातीला न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ फोटोग्राफीचा पोस्टाने चालणारा कोर्स केला. संस्था १९१० सालची, पुढे त्यांचं सगळं ऑनलाइन झालं. तेव्हा धडे आणि कॅसेट पार्सलने यायच्या. आपण सांगितलेले फोटो काढायचे, प्रिंट तिकडे पाठवायच्या, मग तिथला मास्तर त्या समोर ठेवून टेपवर बोलायचा. ती कॅसेट यायची तोवर आपण काय पाठवलं होतं तेही विसरायला व्हायचं.

आईचा एक फोटो पाठवला होता. खिडकीशी बसून तांदूळ निवडतेय, शेजारी कपाट, कपाटावर रेडिओ. मास्तर म्हणाला, प्रिंट हातात घे आणि डावीकडचा तिसरा हिस्सा पोस्टकार्डाने झाक. झाकला. कपाट गेलं, रेडिओ गेला, आणि आईची बोटं एकदम पुढे आली. फोटो हातांचाच होता. पोस्टकार्ड थोडं थोडं सरकवत मी किती वेळ बसलो होतो कोण जाणे.

हे व्हिडिओ सांगू शकत नाही, कारण त्याला तुमचा फोटो दिसत नाही. अॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं), शटर (उजेड किती वेळ आत येतो), लेन्स हे सगळं फुकट मिळतं आणि उत्तम मिळतं. पूर्वी स्टॅनफर्ड विद्यापीठात शिकवणारे मार्क लेव्हॉय यांनी २०१६ साली गूगलमध्ये दिलेली व्याख्यानं यूट्यूबवर आहेत. इंग्रजी आहेत, मधूनमधून गणित येतं, पण इंजेक्शनचे डोस काढणाऱ्या माणसाला ते जड जाऊ नये.

तेव्हा पैसे मोजायचे ते फोटो तपासणाऱ्या माणसाचे. संस्थेला फोन करून विचारा: असाइनमेंट कोण तपासतं, किती वेळा, आणि तपासलेल्या एखाद्या फोटोचा नमुना दाखवता का? ‘ग्रुपवर टाका, सगळे बघतात’ असं उत्तर आलं तर फोन ठेवा. लाइफटाइम अॅक्सेसचं म्हणाल, तर तो माझ्याकडे त्या कॅसेटचाही आहे. टेपरेकॉर्डर तेवढा राहिला नाही.

रानजाई
काका, फोन केला. ‘मेंटॉर सपोर्ट आहे’ म्हणाले. नमुना मेल करतो म्हणालेत, अजून आलेला नाही. तोवर त्या एमचं काय करू?

डोंबिवलीकर काका
एकावेळी एकच चाक फिरवायचं. आयएसओ (उजेडाला कॅमेरा किती संवेदनशील, तो आकडा) ४००, अॅपर्चर एफ ५.६, दोन्हींना हात लावू नका. घरातल्या कोणाला तरी खिडकीजवळ बसवा, दिवे बंद करा. व्ह्यूफाइंडरमध्ये खाली पट्टी दिसते, तिच्यावरची खूण मधोमध येईपर्यंत फक्त शटर बदला. फोटो काढा. आता त्याच माणसाला खोलीत आत बसवा. खूण डावीकडे पडेल. शटर १/१२५ सेकंदावरून १/६० वर आणलंत की उजेड दुप्पट, १/३० वर चौपट. त्याखाली हात हलतो, माणूसही हलतो, म्हणून तिथे थांबून आयएसओ ८०० करा. काळाकुट्ट आणि पांढराफटक कुठून येतात ते लगेच कळेल.

बारशासाठी एक गोम सांगतो. पांढरं झबलं, पांढरी दुपटी, असा सगळा पांढरा मामला असला की कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं. त्याला पांढरं मधलं राखाडी वाटतं आणि फोटो अंधारा येतो. तिथे खूण मध्यावर न आणता एक आकडा उजवीकडे ठेवा. काळ्या शालूला उलटं.

फ्लॅशबॅक
आणि ताई, चिपळूणच्या पावसात कॅमेरा बॅगेत घालून कपाटात ठेवू नका, लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर. आकडा ४५-५० टक्क्यांच्या आसपास राहू द्या.

रानजाई
डबा आजच बघते. काका, सासूबाईंना खिडकीत बसवलंय. त्या म्हणतात, आधी साडी बदलू दे.

डोंबिवलीकर काका
बदलू द्या, पण पांढरी नको :) आणि तो नमुना आला की नाव-गाव झाकून इथे टाका. त्यांचा मास्तर काय बोलतो ते बघू.